एकेचाळीस अंगठे

मोरॅग किनेर्ड खुब्याचं ऑपरेशन करून सहा आठवड्यांनी राकिउरा बेटावर परतली, तेव्हा जेटीवर बारा-तेरा माणसं उभी होती. आपल्याला घ्यायला आली असं वाटून तिला क्षणभर भरून आलं. मग दिसलं की प्रत्येकाने फोन पुढे धरलाय आणि प्रत्येकाला एकच गोष्ट दाखवायची आहे: आपल्याला कट्ट्यावरून हाकललं आहे.

"कुबड्या तरी नीट टेकू द्याल की नाही?" मोरॅग म्हणाली. कुणी ऐकलं नाही. दुकानदार क्लाइव्ह सगळ्यात पुढे होता. त्याला डूगल पीरीने काढून टाकलं होतं, का ते सांगितलं नव्हतं, आणि हे सगळं मोरॅगमुळे झालं होतं. शेवटचं खरंच होतं, म्हणून तिचं डोकं जास्त तापलं.

कट्टा म्हणजे बेटावरच्या चारशे माणसांची फोनवरची बसायची जागा. बोट रद्द झाली, वीज जाणार आहे, नर्स कधी येणार, कुणाचा कुत्रा कुणाच्या कोंबड्यांत शिरला, सगळं तिथे. आधी हे एका मोठ्या कंपनीकडे होतं. कुणीतरी साफ केलेल्या माशांचे फोटो टाकले, कंपनीच्या यंत्राला तो रक्तपात वाटला आणि अख्खा गट बंद झाला. दाद मागायला माणूस म्हणून सापडला नाही. तेव्हा मोरॅगने, शाळेच्या ऑफिसातून नुकत्याच निवृत्त झालेल्या बाईने, हॉलच्या माळ्यावर एक डबा बसवून बेटाचा स्वतःचा सर्व्हर चालू केला. समुद्रापलीकडे ब्लफ बंदरातल्या कोळ्यांचा त्यांचा वेगळा सर्व्हर होता. दोन्ही एकमेकांशी जोडले आणि दोन्हीकडची माणसं एकाच कट्ट्यावर येऊन बसू लागली. वर मालक कुणी नाही. हे ऐकायला फार छान वाटतं. वर कुणी नाही म्हणजे सगळं आपल्याच डोक्यावर, हे मोरॅगला पहिल्या महिन्यात कळलं.

चार वर्षं तिने ते डोक्यावर घेतलं. म्हणजे काय केलं, तर साठ-साठ वर्षांच्या घोड्यांना "पुरे आता" म्हणून सांगितलं. हा त्याच्या करवतीच्या आवाजावर बोलला, तो ह्याच्या बायकोवर घसरला, की दोघेही मोरॅगला वेगवेगळं गाठणार आणि ती उपटसुंभ असल्यासारखं वर तिलाच सुनावणार. फुकटची हमाली. पण कट्टा चालत होता आणि तिला त्याचा अभिमान होता.

ऑपरेशनला जायच्या आधी कट्टा कुणाकडे तरी द्यायला हवा होता. तिथे आकड्यांची पायरी असते: साधा माणूस शून्यावर, मदतनीस पन्नासवर, मुख्य शंभरावर. पन्नासवाल्याला मुख्य माणूस कधीही खाली आणू शकतो. शंभरवाल्याला मात्र दुसरा शंभरवाला हात लावू शकत नाही. त्याचं त्यानेच उतरायचं. नर्स मेरेआनाने तिला हात जोडून सांगितलं होतं, "आंटी, डूगलना पन्नास द्या. शंभर देऊ नका."

मोरॅगला ते ऐकून रागच आला. ह्या बेटावर दाराला कुलूप नसतं, गाडीची किल्ली गाडीतच लटकत असते. चाळीस वर्षं ज्याच्या भरवशावर ती घर उघडं टाकून जात आली, जो न सांगता तिची लाकडं फोडून रचून जातो, त्याच्या हातात अर्धी किल्ली ठेवायची? उद्या त्याला तोंड कसं दाखवायचं? तिने शंभर दिले. शिवाय डूगल बोटाने फोन दाबायचा तोही भिऊन भिऊन. तो काही करणार नाही ह्याची तिला खात्री होती.

तीन आठवडे त्याने खरंच काही केलं नाही. चौथ्यात एका दिवशी सात माणसं काढली, दुसऱ्या दिवशी नऊ. नर्सलासुद्धा काढलं. मग लोकांनी आपापले छोटे कट्टे काढले. क्लाइव्हचा एक, वरच्या आळीचा एक, कोळ्यांचा तिसरा. बोट रद्द झाल्याचं कुठल्या कट्ट्यावर येईल ते कुणालाच कळेना. मंगळवारी दोन म्हातारी माणसं दोन तास जेटीवर पावसात उभी राहिली, बोट सकाळीच रद्द झालेली. आणखी महिनाभर असं चाललं तर कट्टा संपला, आणि तिची चार वर्षं पाण्यात.

घरी आल्यावर तिने पाय उशीवर ठेवला आणि काढलेल्यांची यादी उघडली. एकेचाळीस नावं. ती त्यांना परत आत घेऊ शकत होती, पण तो पुन्हा काढणार. शिवीगाळ केली म्हणून? मेरेआनाच्या तोंडून कधी वावगा शब्द निघाला नव्हता. बाहेरचे म्हणून? त्यातले बाराच पलीकडचे. डूगलशी भांडलेले? त्याच्याशी कुणी भांडत नसे, तो कट्ट्यावर बोलायचाच नाही. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ह्या माणसाच्या मनात काय आलं असेल ते तिला काही केल्या कळेना.

डूगलचं खातं तिच्या डब्यावर असतं तर तिने ते बंद तरी केलं असतं. पण बायको गेल्यावर लेकीने त्याला फोन घेऊन दिला तेव्हा खातं उघडलं ब्लफच्या सर्व्हरवर, कारण जुने खलाशी तिकडे. मोरॅगने तो सर्व्हर सांभाळणाऱ्या रंगीला फोन लावला. रंगी लेकाच्या वयाचा, पण ठाम.

"आंटी, माझ्याकडे तो माणूस अगदी सरळ वागतो," तो म्हणाला. "तुमच्या कट्ट्यावर तुम्ही त्याला शंभर दिलेत. आता मी इथून त्याला खाली ओढू? उद्या कुणी मला म्हणालं मोरॅग आंटीला ओढ, तर ओढू?"

तिने फोन ठेवला. तो बरोबर बोलत होता, हाच तर वैताग होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चीज रोल भाजले, डबा गळ्यात अडकवला आणि दोन कुबड्यांवर टेकडी चढून डूगलच्या घरी गेली. दार उघडंच होतं. तो स्वयंपाकघरात बसला होता, समोर फोन, बाजूला भिंग. तिला बघून उठला, खुर्ची सरकवून दिली, तिच्या पायाखाली स्टूल ठेवलं.

मोरॅगने तोंड सोडलं. किती लोकांचे फोन आले, म्हातारे कसे भिजले, नर्सला काढणारा माणूस शुद्धीवर असतो का, सगळं ऐकवलं. शेवटी म्हणाली, "तू खाली उतर. मला तुला उतरवता येत नाही, नाहीतर विचारायला आले नसते."

"माहीत आहे," डूगल म्हणाला. "मलाही तुला उतरवता आलं नाही."

"म्हणजे?"

"पहिली तुलाच काढायला गेलो. जमत नाही म्हणाला फोन. मग बाकीच्यांना काढलं."

त्याने फोन तिच्यापुढे सरकवला. दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातली एक सूचना उघडी होती, मोरॅगने स्वतः लिहिलेली. 'एफी पीरी यांना सात दिवस बोलता येणार नाही. पेंग्विनपुराण आवरावं, अशी अनेकांची विनंती आहे. गुरुवारी परत बोलू शकतील.' खाली लोकांनी दिलेले अंगठे होते.

"मोजून बघ," डूगल म्हणाला. "एकेचाळीस आहेत."

मोजायची गरज नव्हती. मोरॅगला ते अंगठे आठवले. तिच्या कुठल्याच सूचनेला तेवढे अंगठे कधी मिळाले नव्हते आणि तिला त्या दिवशी बरं वाटलं होतं. एफी म्हणजे डूगलची बायको. तिच्या घराच्या जमिनीखाली निळ्या पेंग्विनांनी घरटं केलं होतं आणि ती दिवसाला तीस-तीस निरोप टाकायची. आता खातायत, आता भांडतायत, आता झोपले. बोटीची सूचना त्यात बुडून जायची. लोक मोरॅगचा जीव खायचे. तिने एफीला दोनदा हळूच सांगून पाहिलं, मग गप्प केलं. चार वर्षांत तिने तीसेक माणसांना असं गप्प केलं असेल. हे तर ती विसरूनही गेली होती.

डूगल उठला आणि भिंतीवरून कॅलेंडर काढून आणलं. दोन वर्षांपूर्वीचं, डिसेंबरवरच थांबलेलं. चौकोनांत एफीचं बारीक अक्षर होतं आणि पहिल्या चौकोनात वर लिहिलं होतं: गुरुवारी सांगायचं.

"दोन वर्षं हे बघतोय," तो म्हणाला. "गुरुवारीच का, ते कळत नव्हतं. मला ती बोलली नाही काही. तू मला कट्टा दिलास, म्हटलं काम करायचं तर आधी सगळं वाचून काढू. तेव्हा कळलं."

त्या गुरुवारच्या आधीच, मंगळवारी संध्याकाळी हेलिकॉप्टर एफीला पलीकडे हॉस्पिटलात घेऊन गेलं होतं. बुधवारी ती गेली. मोरॅगने त्याच आठवड्यात, तिच्या अंत्यविधीनंतर, चर्चच्या हॉलमध्ये साठ माणसांचा चहा केला होता.

"ती आजारी आहे हे मला माहीत नव्हतं, डूगल."

"मलाही नव्हतं. तिने कुणालाच सांगितलं नाही. पेंग्विनांचं तेवढं सांगायची."

मोरॅगच्या जिभेवर सगळी उत्तरं तयार होती. नियम होता. बोटीची सूचना दिसत नव्हती. सांगून पाहिलं होतं. दुसऱ्या कुणाला तिने ती धडाधड ऐकवली असती. त्या स्वयंपाकघरात तिला स्वतःचीच भयंकर चीड आली.

तिने आपला फोन काढला, कट्ट्याची पायरी उघडली आणि आपल्या नावापुढचे शंभर खोडून शून्य लिहिलं. फोनने विचारलं, नक्की का, हे परत घेता येणार नाही. तिने हो म्हटलं. मग फोन टेबलावर त्याच्यापुढे ठेवला.

"आता येईल काढता," ती म्हणाली. "काढ."

डूगलने भिंगातून ते शून्य बराच वेळ पाहिलं. किटली उकळायला लागली, त्याने उठून गॅस बंद केला आणि चहा ओतला. मग बसून स्वतःच्या फोनवर एकेक नाव दाबू लागला. मोरॅग आपलं नाव गेलं का ते बघत होती. गेलं नाही. तो एकेचाळीस जणांना परत आत घेत होता. एका बोटाने, दर नावाला भिंग उचलून. तास गेला. क्लाइव्हचं नाव त्याने दोनदा चुकवलं. चुकलं तिथे बोट दाखवायला तिचे हात शिवशिवत होते, पण तिने ते कपाभोवती घट्ट धरून ठेवले.

"झालं," शेवटी तो म्हणाला. कॅलेंडर तिच्याकडे सरकवलं. "हे टाक आता. माझ्याने एवढं टाइप होत नाही."

"सगळं एकदम टाकते."

"एकेक टाक. ती एकेकच टाकायची."

अकरा निरोप होते. मोरॅगने सुरुवातीला लिहिलं, हे एफीचं आहे, राहून गेलेलं. मग पहिला: मोठं पिल्लू पायरीपर्यंत आलं आणि मला बघून परत पळालं. दुसरा: आज आई-बाप उशिरा आले, पिल्लांनी घर डोक्यावर घेतलं. तिसरा, चौथा. डूगल खिडकीशी उभा राहून ऐकत होता, कारण ती टाइप करताना पुटपुटत होती. कट्ट्यावर माणसं परतत होती. कुणी आलो म्हणत होतं, कुणी बोटीचं विचारत होतं.

सातव्यावर तिचा फोन थरथरला. क्लाइव्हचा खाजगी निरोप होता. सवयीने तिलाच पाठवलेला.

'मोरॅग, परत घेतल्याबद्दल आभार. बाकी कुणी बोलणार नाही म्हणून मी बोलतो. ते पेंग्विनांचं जरा आवर ना, बोटीची सूचना वर जातेय.'

तिने तो वाचला. खिडकीशी उभ्या डूगलकडे पाहिलं. चष्मा सरळ केला, कॅलेंडरवरच्या पुढच्या ओळीवर बोट ठेवलं आणि आठवा लिहिला: धाकटं आज पाण्यात गेलं. मी एकटीच होते बघायला.