बहिणीला द्यायचं घर

बर्फरावांना बर्फराव हे नाव सासरी मिळालं. एक तर ते फ्रिज दुरुस्त करायचे, आणि दुसरं म्हणजे घरात वातावरण कितीही तापलं तरी ते स्वतः तापत नसत. बायको बोलू लागली की ते "हं" म्हणत. या एका अक्षरावर त्यांचा संसार ठीकठाक चालला होता.

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. त्याच जिन्यात पहिल्या मजल्यावर मेहुणी, म्हणजे धाकटी, आणि साडू, म्हणजे शाळेत भूगोल शिकवणारे मास्तर. दोन्ही घरं एकाच साच्यातून काढलेली. तरीही वर राहणाऱ्या ताईला, म्हणजे बर्फरावांच्या बायकोला, वाटायचं, सुख काय ते खाली आहे. "तिला जिने चढावे लागत नाहीत. तिच्याकडे पाण्याला जोर आहे. आमचा नळ म्हणजे सर्दी झाल्यासारखा नुसता गळतो." खाली धाकटीचं म्हणणं, "ताईचं काय बाई! वारा आहे, उजेड आहे. आमच्याकडे भरदुपारी मीठ कोणतं आणि साखर कोणती ते चाखून ठरवावं लागतं."

हे त्या एकमेकींना सांगत नसत. आईला सांगत. रोज संध्याकाळी फोनवर, आधी ही, मग ती. शेवटी एकदा आईचं डोकं फिरलं.

"मग घरं बदला की एकदाची! माझा कान सुटेल."

आई वैतागून बोलली होती. मुलींनी ते मनावर घेतलं. पुढचा रविवार ठरला. बर्फराव सवयीनं "हं" म्हणून बसले आणि मागाहून त्यांना गॅलरी आठवली. स्वयंपाकघरामागची गॅलरी हे त्यांचं राज्य होतं: पोटं उघडून ठेवलेले फ्रिज, पान्यांचा डबा, बुटकं स्टूल आणि समोर मोकळं आकाश. खालच्या गॅलरीतून समोरच्या इमारतीची काळवंडलेली भिंत दिसायची, बाकी काही नाही. पण इतकी वर्षं "हं" म्हणणाऱ्या माणसानं एकदम "नाही" म्हणायचं कसं?

इकडे ताईला वेगळाच घोर. घर परक्याला द्यायचं असतं तर जसं आहे तसं दिलं असतं. हे बहिणीला द्यायचं होतं.

"आल्याआल्या नळाला नाव ठेवील ती. अहो, तेवढा नळ बघा."

नळाचं वायसर बदललं. मग कधी न लागणारं बाथरूमचं दार लागू लागलं. गंजलेला पाइप गेला, आणि पाणी असं धो-धो आलं की ताई दचकून मागं सरली. भिंतींना फिकट पिवळा रंग बसला. स्वतःसाठी जे आजवर कधी जमलं नव्हतं, ते बहिणीनं नाक मुरडू नये म्हणून आठवड्याभरात जमलं.

शुक्रवारी कामं आटोपली. ताई चहाचा कप घेऊन गॅलरीच्या उंबऱ्यावर टेकली. बराच वेळ घराकडे बघत राहिली.

"आपलं घर असं होतं?"

"होतं नाही. आहे. रविवारपर्यंत."

या खेपेला ताईच "हं" म्हणाली.

"मग राहू या ना इथंच," बर्फरावांनी धीर केला.

"आणि तिला काय सांगू? मन बदललं म्हणून? जन्मभर ऐकवील मला! तीच नको म्हणाली तर गोष्ट वेगळी."

पकड परत करायच्या निमित्तानं बर्फराव खाली उतरले आणि दारातच थबकले. घर लखलखत होतं. मास्तरांनी समोरच्या सोसायटीच्या हातापाया पडून ती भिंत पांढरी करवून घेतली होती. उजेड तिच्यावरून उसळी मारून थेट ओट्यावर येत होता.

"काय हो, कसं वाटतंय?"

"स्वर्ग," मास्तर रडवेल्या आवाजात म्हणाले. "आज दिवा न लावता पेपर तपासले. आणि हे तुमच्या घशात घालायचं!"

"मग सांगा ना तुमच्या मंडळींना."

"सांगितलं. ती म्हणते, ताईच नको म्हणाली तर गोष्ट वेगळी."

दोघा साडूंनी एकमेकांकडे बघितलं. पकड मास्तरांच्या हातात ठेवून बर्फराव जिना चढू लागले.

रविवारी आई आली आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची टाकून बसली. हमाल कामाला लागले. वरचं कपाट खाली निघालं, खालचं वर निघालं, आणि दोन्ही आईसमोर आमनेसामने येऊन अडली. कपाटांच्या दोन बाजूंना दोघी बहिणी, हातात आपापली किल्ली.

"बाथरूमचं दार हलक्या हातानं लाव हं," ताई म्हणाली. "आता लागतं ते. आणि खिडकी उघडी ठेवून झोप, असला वारा येतो..."

"सकाळी ओट्याशी नुसती उभी राहून बघ, ताई," धाकटी नाक पुसत म्हणाली. "छान वाटतं गं."

किल्ल्या पुढे झाल्या. पण एकीनंही आपली सोडली नाही.

"बाई, हात गळाले आमचे," मुकादम ओरडला. "कुठलं कुठं न्यायचं ते सांगा!"

"वरचं वर न्या. खालचं खाली."

सगळ्यांनी वळून बघितलं. बर्फराव लालबुंद झाले होते.

"मला जायचं नाही. मी माझी गॅलरी सोडणार नाही. कोणाला काय म्हणायचं ते म्हणा!"

"अगं बाई," आई म्हणाली, "जावई बोलले!"

ताईचा चेहरा असा फुलला की तिला रागवायलासुद्धा जमेना. "बघितलंस? हे असं असतं यांचं! मी तर पाऊल उचलून तयार होते."

"जाऊ दे गं. भावोजींचं मन कशाला मोडायचं? आम्ही काय, राहू कसंतरी," असं म्हणत धाकटीनं किल्ली पर्समध्ये टाकून चेनसुद्धा ओढली.

मागे उभ्या असलेल्या मास्तरांनी साडूला कडकडून मिठी मारली. कपाटं आली त्याच्या दुप्पट वेगानं परत गेली. एका टोकाला स्वतः मास्तर लागले होते.

दुपारी सगळे वरच जेवायला बसले. हसणं, खिदळणं, बर्फरावांची नक्कल. ताईनं त्यांना न विचारता तिसऱ्यांदा वाढलं. आयुष्यभर ज्याच्यावर खापर फोडता येईल असा नवरा मिळाल्याचं समाधान तिच्या तोंडावर होतं.

जेवता जेवता धाकटीनं आईकडे बघितलं. "आई, तुझ्याकडे मात्र किती शांत असतं, नाही?"

"शिवाय मागं-पुढं मोकळी जागा," ताई म्हणाली. "एकटीला एवढं घर कशाला लागतं गं?"

आई ताट घेऊन उठली.

"जावईबापू, मला तुमच्या गॅलरीत घ्या. आणि दाराला कडी लावा."