उशीचा वळ

“आई, मी नोकरी सोडून राहिली,” स्कूटी अंगणात लावता लावता मोनाली म्हणाली. तिचं कोपर सोललं होतं. दवाखान्यातली रातपाळी करून येताना क्षणभर डोळा लागला आणि गाडी दुभाजकाला घासली.

कांताबाईनं आधी सुनेच्या कोपराला हळद लावली, मग तोंड सोडलं. “नोकरी काहून सोडते? झोप काढ. सगळं ठीक होते.”

“दिवसा झोप लागते का, आई? उजेड, गरमी, तो भंगारवाल्याचा भोंगा! आज कोपरावर निभावलं. उद्या झोपेत कोणाले भलतंच इंजेक्शन दिलं म्हणजे?”

धाकट्या भावंडांना सांभाळायला कांताबाईला चौथीत शाळा सोडावी लागली होती, ती सल अजून गेली नव्हती. नर्सची सासू म्हणून ती प्रताप नगरच्या त्या गल्लीत मिरवायची ते उगाच नाही. आता या घरातल्या दुसऱ्या बाईनं काही सोडायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं.

दुसऱ्या दिवशी मुलगा धम्मदीप कन्हानला कामावर गेला आणि तिनं पदर खोचला. पलंग उन्हाच्या भिंतीपासून ओढून आत घेतला. कूलरच्या चहूबाजूंच्या फटींत चिंध्या कोंबल्या. मागची खिडकी घट्ट लावून वर जाड चादर ठोकली. खोलीत भरदिवसा अमावस्या झाली. मोनाली आली, आंघोळ करून झोपली. कांताबाईनं स्वतःची पाठ थोपटून घेतली.

जरा वेळानं सून घामानं चिंब होऊन बाहेर आली. “आई, आत वाफारा झाला. सगळं अंग चिपचिप करून राहिलं.”

कांताबाईनं कपाळावर हात मारला. कूलर लावला की हवा निघायला एक खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर खोलीचं भापघर होतं. नागपुरात हे शेंबड्या पोरालाही कळतं, आणि अंधाराच्या नादात ती नेमकं तेच विसरली होती! तिला स्वतःचा इतका राग आला, की दुपारचं जेवणही गेलं नाही.

आता उजेड अडवावा तर हवा अडते आणि हवा सोडावी तर ऊन आत येतं. हात धुवायला ती मागच्या अंगणात आली, तर दोरीवर सतरंजी वाळत होती. खाली गच्च सावली, आणि सतरंजी मात्र वाऱ्यानं मजेत हलत होती. कांताबाई बघतच राहिली. मग तिनं दोरी सोडली आणि खिडकीसमोर, भिंतीपासून हातभर अंतर ठेवून पुन्हा बांधली.

दुसऱ्या दिवशी चादर निघाली, खिडकी उघडली आणि बाहेर सतरंजी लोंबली. खोलीत अंधारही राहिला, गारवाही. मोनाली झोपली. कांताबाई अंगणात भांड्यांखाली टॉवेल अंथरून आवाज न करता भांडी घासू लागली.

“काय वं कांता,” शेजारची रुखमाबाई भिंतीवरून ओरडली, “सून लोळून राहिली अन् सासू भांडे घासून राहिली? जमाना पाय!”

कांताबाई उठून भिंतीशी गेली. “हळू बोल वं. तुहा नातू आर्यन तापानं फणफणला होता, तवा वार्डात रातभर त्याच्या उशाशी कोण बसली होती? माही सूनच ना? मंग तिले झोपू दे.”

रुखमाबाईचं डोकं भिंतीआड गेलं.

दुपारी गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजला, ‘भंगारऽऽ, लोहाऽऽ!’ कांताबाई चप्पल न घालताच धावली. पण रुखमाबाई तिच्या आधी पोचली होती. हातगाडीसमोर आडवी उभी राहून ती त्या माणसाला दटावत होती, “बंद कर गा ते! आमची सिस्टर झोपून राहिली.”

‘आमची’ ऐकून कांताबाईचे डोळे भरून आले. ती तशीच मागे फिरली.

मोनाली दिवेलागणीला उठली. दारात येऊन तिनं आळस दिला. डोळे स्वच्छ, चेहरा तरतरीत, आणि गालावर उशीचा लांबच लांब वळ. “आई, सकाळ झाली का?” म्हणत ती नळाकडे वळली.

“थांब, तोंड धुऊ नको,” कांताबाई म्हणाली. “आधी रुखमाबाईले दाखवून ये.”