कासवाचा अंदाज

मला पोहता येत नाही. अंगावर तांब्या ओततानाही मी डोळे गच्च मिटतो. तरीही पाण्याखाली दगावलेल्या डायव्हरांविषयी इंटरनेटवर जिथे चर्चा चालते, तिथे 'कासव' या नावाने माझा शब्द मानला जायचा. हे कसं झालं, मलाही नीट सांगता येणार नाही. चाळीस वर्षं ग्रंथालयात काढल्याने शोधायची सवय होती, आणि तीन वर्षांपूर्वी मुलगी स्कूबा डायव्हिंग शिकली तेव्हापासून जिवाला घोर होता.

अपघाताची बातमी आली की मी मेलेल्याची चूक शोधायचो. हवेच्या सिलिंडरची झडप अर्धीच उघडली असेल, सोबत्याला सोडून पुढे गेला असेल. चूक सापडली की जीव भांड्यात पडायचा. आमची मुलगी गॅसचं बटण दोनदा बघणारी. ती असलं काही करणार नाही.

गेल्या आठवड्यात पाणी भरलेल्या एका जुन्या खाणीत एक डायव्हर दगावला. मी झडपेवर ठपका ठेवला. दोनशे जणांनी माना डोलावल्या.

शनिवारी सकाळी मुलगी बैठकीच्या खोलीत सामान पसरून बसली होती. दुसऱ्या दिवशी तिचा क्लब समुद्रात उतरणार होता.

"आमच्याकडे सगळे त्या कासवाचं वाचतात," ती म्हणाली. "कुणीतरी मुरलेला डायव्हर असणार."

"मुरलेला?" स्वयंपाकघरातून आमची ही म्हणाली. "अगं, समोर बसलाय बघ, कोरडा ठणठणीत!"

मी चष्मा पुसायला घेतला.

"बाबा, तुम्ही?"

"लिहितो अधूनमधून."

ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग एकदम थांबली. "त्या खाणीत गेलेल्याची बहीण आमच्या क्लबात आहे. तिने वाचलं ते. झडप पूर्ण उघडी होती, बाबा. सगळं सामान तपासून झालंय. हृदय बंद पडलं त्याचं."

मला शरम वाटायला हवी होती. वाटलीही, पण आधी भीती वाटली.

"म्हणजे त्याने काहीच चूक केली नाही?"

"नाही."

"मग उद्या तू काय टाळणार?"

तिने हातातला पट्टा खाली ठेवला.

"सगळं नाही टाळता येत," ती हळूच म्हणाली. "पण मेलेल्या सगळ्यांना नापास केलं की मी पास, असंच ना?"

"तसंच."

"एवढे कडक परीक्षक माझ्या गणिताच्या वेळी कुठे होते?"

तिने सिलिंडर पाठीवर चढवला. पाण्यात उतरण्याआधी सोबती एकमेकांचं सामान तपासतात, तशी त्यांची रीत. "या. आज तुम्ही माझे सोबती."

ती सांगेल तसं मी एकेक तपासलं. पट्टे तीन-तीनदा ओढून पाहिले.

"अहो, पाडाल तिला!" ही दारातून म्हणाली. "मग कारण शोधायला कासवच बसेल."

त्या दुपारी मी गेलेल्याच्या बहिणीला पत्र लिहिलं. तुमच्या भावाची चूक नव्हती. मीच माझ्या भीतीपोटी ती रचली, क्षमा करा. चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिलेलं ते मुलीच्या हाती दिलं. मग कासवाचं सगळं लिखाण नावासकट पुसून टाकलं.

रविवारी दुपारी फोन वाजला.

"बाबा, आलेय वर."

मी खाली बसलो.

"पत्र दिलं. तिने दोनदा वाचलं आणि बॅगेत ठेवलं." मग तिचा आवाज बदलला. "आणि ऐका, कासव गेलं म्हणे! कालपासून गायब आहे ना. अडुसष्ट प्रतिक्रिया आल्यात."

"कशाने गेलं?"

"बहुमत हवा संपल्यावर आहे. एक जण म्हणतो, अतिआत्मविश्वास नडला."

"मला?"

"हो! आई कुठेय? तिला सांगा."

"म्हणजे चूक कासवाचीच."

"अर्थात. नाहीतर त्यांना चैन कशी पडणार?"

"सगळ्या वाच," मी म्हणालो.

ती वाचत गेली. थंडीने मधूनच तिचे दात वाजत होते. मी एकही प्रतिक्रिया धड ऐकली नाही. ती थांबली की नुसता "पुढची" म्हणत राहिलो.