घशातला काटा

बाबाची बोट बारापर्यंत रेवदंड्याच्या बंदराला लागायला हवी होती. तीन वाजले तरी पत्ता नव्हता आणि मी बंदरावर येरझाऱ्या घालत होते. बर्फाच्या गाडीवाल्यानं दोनदा विचारलं, "कोनाची वाट बगतंस, पोरी?" दुसऱ्यांदा मी त्याच्यावर खेकसलेच. पोरी म्हणायला मी काय शाळेत जाते? चौतीस वर्षांची बाई मी. परवा प्रबंध जमा करायचा होता आणि त्यातलं एक अख्खं प्रकरण सकाळपासून एका शब्दावर लटकलं होतं.

माझा विषय ऐकून गावात लोक हसतात. सोळा कोटी वर्षांपूर्वी समुद्रात राहणारे, मगरींचे नामशेष झालेले नातलग. त्यांची कवटी कशी होती आणि ते काय खायचे, यात मी सहा वर्षं घातली. आमच्याकडे सगळा काळा कातळ, त्यात असलं काही मिळत नाही, म्हणून कच्छला जाऊन उकरलं. दोन वर्षांपूर्वी तिथं मला एक कवटी मिळाली. हातभर लांब, चिमट्यासारखं अरुंद तोंड, सुईसारखे दात, आणि डोक्याच्या मागच्या बाजूला दोन मोठाली भोकं. जबडा मिटणारे स्नायू त्या भोकांमधून वर गेलेले असायचे. स्नायू लांब, म्हणून जबडा झटकन मिटायचा, पण टोकाशी जोर कमी. असलं तोंड मासे पकडायला असतं, हे कुणीही सांगेल.

तेच तर माझं दुखणं होतं. कुणीही सांगेल ते मला सांगायचं नव्हतं.

कवटीबरोबर एक कागदी पुडी आली होती. आत अंगठ्याएवढा दगड, त्यात रुतलेल्या बारीक काड्या, त्यांची टोकंच तेवढी वर दिसत होती. पुडीवर दोन शब्द होते: काटा, घसा. त्याच थरात आम्हाला चेंडूसारख्या कवचवाल्या समुद्री जीवांचे काटेही मिळाले होते. झालं, मी नोंदवहीत लिहून टाकलं की कवचवाल्या जीवाचे काटे घशात सापडले. त्यावर चौथं प्रकरण उभं राहिलं. एवढ्या नाजूक तोंडाचा प्राणी तळावरचे कवचवाले जीव चिरडून खात होता! दोन दातांची टोकं बोथट होती, तीही मी कामाला लावली. माझे मार्गदर्शक सर खूश झाले. "हे नवीन आहे, नेत्रा," म्हणाले. दगड कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं तेवढं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे, मी राहू दिलं.

आज सकाळी आई ओट्यावर मांदेली साफ करत होती. मी शेजारी लॅपटॉप उघडून शेवटचे फोटो लावत होते. पुडीचा फोटो आला तशी ती वाकली.

"ह्या ह्यांची अक्षरा हायेत," ती म्हणाली. "ह्यो मोठा टा ह्यांचाच."

मला आठवलं. कच्छला खणताना मला ऊन लागलं होतं, तीन दिवस तंबूत तापानं पडून होते. पावसाळ्याची मासेमारीबंदी नुकतीच लागली होती, म्हणून बाबा मदतीला आला होता. त्या तीन दिवसांत पुड्या त्यानंच बांधल्या.

"आये, काटा म्हंजे कसला काटा लिवला असंल बाबानं?"

आईनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी अजून पाळण्यात आहे. "काटा म्हंजे काटा. माशाचा. आनी कसला?"

आमच्या घरात दुसरा काटा नसतोच. ताटात काटा, घशात काटा, मांजरासमोर टाकायचा तोही काटा. नऊ वर्षं पुण्यात राहिले आणि बापाचं अक्षर पुस्तकातल्यासारखं वाचलं. मी न जेवताच उठले. बाबाला सतरा फोन लावले. बोट खोल समुद्रात, रेंज कुठली?

बंदरावर मला एका जागी उभं राहवत नव्हतं. सुकत घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांपर्यंत जायचं, परत यायचं. सांगायला लाज वाटते, पण बाबा सगळं विसरला असू दे, अशी मी मनातून प्रार्थना करत होते. तो विसरला तर प्रकरण जसंच्या तसं जाईल. पुडीवर काटा आहे, मी काटा वाचला, यात खोटं काय? सरांचा फोन आला. सहापर्यंत फाइल पाठव, म्हणाले. एक तपासणी राहिली आहे, असं सांगून मी फोन ठेवला.

चारला बोट लागली. पंख्यात जाळं अडकलं होतं म्हणून उशीर. बाबा तांडेल, बोटीचा प्रमुख, म्हणून सगळ्यात शेवटी उतरला. मला बघून त्याचा चेहरा फुलला. "कवा आयलीस?"

मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. "बाबा, कच्छची पुडी. काटा लिवलंस ती. कुठून काढलास तो?"

"त्याच्या घशातशी," तो लगेच म्हणाला. हातातला दोर टाकून त्यानं आपल्या हनुवटीखाली दोन बोटं लावली. "दोनी जबरं मागं मिलतात ना, त्याच्या मदी. काट्याची टोका भायेरच्या बाजूला, म्हंजे डोस्का आत, शेपूट भायेर. आपला टोळ मासा गिलतो तसाच. आरवा धराचा, फिरवाचा, मंग डोस्क्याकरून गिलाचा."

विसरला नव्हता. काहीच विसरला नव्हता.

"मग काढलास कशाला?" मी ओरडले. बर्फवाला वळून बघायला लागला. "तिथंच राहू द्यायचा ना! आता लोकांना काय दाखवू मी?"

"घशान काटा आरकलेला," बाबा खालच्या आवाजात म्हणाला. "मना बगवला न्हाय."

सोळा कोटी वर्षांपूर्वी मेलेल्या जनावराचा घसा मोकळा करून दिला या माणसानं! मला संताप आला होता आणि त्याच वेळी त्याला मिठी मारावीशी वाटत होती.

"बोटीवं समद्यांना सांगतू मी," तो म्हणाला. "माजी पोर शोधते ता जनावर आपल्यासारखाच मासं खाऊन जगला." मग माझं तोंड बघून तो थांबला. "काय झाला? माजा लिवना चुकला काय? चौथीपतूर शालेत गेलू मी. पुडीवं लिवाच्या आदी दहा वेला गिरवला होता."

हातातला फोन पुन्हा वाजायला लागला. सरच होते.

"न्हाय बाबा," मी म्हटलं. "तू बरोबर लिवलास. मी वाचला चुकीचा."

मग फोन उचलला आणि चौथं प्रकरण काढावं लागेल, असं सांगितलं. तो कवचवाला जीव नव्हता, मासा होता.

"नेत्रा, परवा जमा करायचंय. मासा होता असं कोण म्हणतं?" सरांनी विचारलं.

"माझे वडील म्हणतात," मी सांगितलं.