समुद्राकडे पाठ

हबीबाने जानमाज झटकली, तरी वाळूचे काही कण किनारीला चिकटून राहिलेच. तिने ते बोटाने टिपले, घडी मांडीवर ठेवली आणि सुरूच्या झाडांपुढे तिथेच बसून राहिली. दुपार उलटल्यावरची असरची नमाज झाली होती. इथे किब्ला, नमाजेची दिशा, समुद्राच्याच बाजूला होता. सलाम फिरवून पुढे पाहिलं की डोळ्यांसमोर पाणीच पाणी.

किनाऱ्यावर माणूस नव्हतं. टोकाच्या खडकांपर्यंत नुसती ओली वाळू, तिच्यावर खेकड्यांनी मांडलेल्या बारीक गोळ्या. लाटाही आज घाईत नव्हत्या. हळूच यायच्या, वाळू भिजवून मागे जायच्या.

शेजारी, जरा मागे, लतीफभाई प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. लग्नाच्या वर्षी त्यांनीच म्हटलं होतं, तुला समुद्र दाखवतो, खाडी नव्हे, खरा समुद्र. मग भिवंडीतले लूम, कापडाचे माग, बंद ठेवून जायचं कसं, यात सगळी वर्षं गेली. आता कारखाना मुलगा, एजाज बघतो. त्यानेच दापोलीच्या पलीकडचं हे गाव शोधलं, धोंडूबाईंच्या घरात खोली ठरवली आणि आईबापांना गाडीत बसवून दिलं.

एवढ्याशा सुट्टीला हबीबाने मोठी बॅग भरली होती. एजाजने विचारलं तेव्हा ती म्हणाली, “गारठा असतो तिकडं.” खरी गोष्ट फक्त मुलीला, शाहीनला ठाऊक होती. रत्नागिरी इथून फार लांब नाही. ‘अब्बांना सांगते आणि तिकडूनच तुझ्याकडे येते, कायमची,’ असं हबीबाने तिला फोनवर सांगून ठेवलं होतं.

भांडण असं काही झालंच नव्हतं. पहाटेच्या फजरनंतर ती दबक्या आवाजात दुआ करायची आणि पलंगावरून त्यांचं ‘आमीन’ यायचं. ते कधीतरी थांबलं. स्वयंपाकघरातून काही विचारावं, तर उत्तर नाही. घराखालीच लूम, म्हणून तिने आधी तो दोष लूमवर घातला. पण जुम्म्याला लूम बंद असतानाही तेच. फोन वाजला की तो तिच्यापुढे सरकवायचे, मुलांशीसुद्धा बोलायचे नाहीत. जेवायला समोर बसले की मात्र हसून बोलायचे, आणि तेच तिला जास्त लागायचं. पाहुण्याशी बोलावं तसं.

तिने मनात बिस्मिल्ला म्हटलं आणि लाटांकडे पाहतच बोलली.

“परवा मी घरी येणार न्हाय. शाहीनकडं जाते. तिथंच राहीन म्हणते.”

वाक्य संपलं. एक लाट आली, गेली. दुसरी आली. तिने जानमाजेची कड बोटांत घट्ट धरली होती.

“ते बघ!” लतीफभाई मोठ्याने म्हणाले. “गरुड! पायात मासा हाय त्याच्या!”

पांढऱ्या पोटाचा तो पक्षी पाण्यावरून सावकाश सुरूच्या शेंड्याकडे गेला. हबीबाला तो धूसर दिसला. तिने ओढणीने डोळे पुसले. रागावले असते तरी चाललं असतं, असं तिला वाटलं. जा म्हणाले असते तरी.

मागून बांगड्यांचा आवाज आला. धोंडूबाई चहा घेऊन येत होत्या.

“काका, खुर्ची जरा मागं घ्या. भरती लागलीय, पाय भिजतील.”

लतीफभाई हलले नाहीत.

“काका! वो काका!”

त्यांची पाठ तशीच होती, निवांत. धोंडूबाई वळसा घालून पुढे आल्या, तसे ते हसले.

“च्या आणलाय,” धोंडूबाई म्हणाल्या. “आन् खुर्ची मागं घ्या म्हणते.”

“घेतो की! च्या झकास दिसतोय!”

“केवढ्यानं वरडता वो भिवंडीवाले. हितं लूम नाय. मासं पळतील माझं.”

“पळू दे! आम्ही काय पकडाय आलोय?”

धोंडूबाई हसत होत्या. हबीबा हसली नाही. ती नवऱ्याचे डोळे पाहत होती. ते धोंडूबाईंच्या डोळ्यांकडे नव्हते, ओठांवर होते. लूमच्या खडखडाटात सगळे असेच बोलतात. आवाज कुणी काढत नाही, नुसते ओठ हलवायचे आणि समोरच्याने ते वाचायचे. लग्न होऊन आली तेव्हा हबीबाही महिन्याभरात ते शिकली होती. पण इथे लूम नव्हते. इथे तर सुरूची सुई पडलेलीही ऐकू यावी.

तिला आमीन आठवलं. पुढे सरकवलेला फोन आठवला. स्वयंपाकघरात तिची नेहमी पाठ असायची, तेही आठवलं. त्यांना तिचं ऐकूच येत नव्हतं. आणि या माणसाने ते कुणाला कळू दिलं नव्हतं.

ती उठली. खुर्ची मागे ओढायला तिने त्यांना हात दिला, आणि मग जानमाज बाजूला ठेवून त्यांच्यासमोर वाळूत बसली, समुद्राकडे पाठ करून.

“अगं, समुद्र तिकडं हाय!” लतीफभाई म्हणाले.

“असू दे.”

धोंडूबाईंनी दोघांच्या हातात कप दिले. हबीबाने ओढणी कानामागे सारली, चेहरा त्यांच्याकडे वर केला. मग आवाज अजिबात न काढता, नुसते ओठ हलवून, सावकाश म्हणाली,

‘परवा तुमच्यासंगं घरी येते मी.’

“म्हंजे?” लतीफभाई खो खो हसले. “न्हायतर काय पोहत येणार होतीस?”

धोंडूबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

“कोण पोहत येतंय? बाय तर काय बोललीच नाय.”

लतीफभाईंचा कप ओठांपाशी थांबला. हसू हळूहळू उतरलं. त्यांनी हबीबाकडे पाहिलं, मग खाली वाळूकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

मागे पाणी चढत होतं. हबीबाच्या टाचेला त्याचा गारवा लागला, पण ती सरकली नाही आणि तिने मानही वळवली नाही. ते पुन्हा ओठांकडे पाहतील तेव्हा चेहरा समोरच असायला हवा होता.