कीलखालचं पाणी

इंद्रभान पाटलांनी मुंबईहून शिडाची यॉट विकत घेतली. ती समृद्धी महामार्गावरून ट्रेलरवर आली आणि मालेगावच्या चौकात ट्रेलर वळेना म्हणून अडकून पडली. बघायला गर्दी जमली, त्यात सतीश होता. बाकीचे नावेकडे बघत होते, तो दोऱ्यांकडे बघत होता. डोलकाठी आडवी करून गवताचा भारा आवळावा तशी आवळली होती. सतीशच्या तोंडाला कडवट चव आली.

सतीशची उमेदीची सगळी वर्षं नौदलात गेली होती. त्यातली बरीच शिडाच्या नावांवर. निवृत्त होऊन तो अनसिंगला परत आला, तेव्हा त्याला वाटलं होतं की लोक समुद्राबद्दल काहीतरी विचारतील. लोकांनी दोनच गोष्टी विचारल्या. पाणबुडीत संडास कुठं असतो, आणि कँटीनची बाटली मिळते का. पुढं त्यांनी तेही विचारणं सोडलं. सतीशनंही मग गावाकडे वरून बघायची सवय लावून घेतली. पारावर बसलेल्या माणसांच्या मधून जाताना तो कोरडा नमस्कार करी आणि मनात म्हणे, यांना वारा म्हणजे फक्त उफणणीपुरता माहीत.

इंद्रभाननं त्याला बोलावणं धाडलं. इंद्रभान म्हणजे रस्त्यांचा ठेकेदार, दीडशे एकरांचा धनी, आणि अनसिंगजवळच्या धरणाच्या काठची काळी जमीन सगळी त्याची.

"फौजी, तुमी नेवीत होते ना? मंग शिकवा आमाले."

नौदलातल्या माणसाला फौजी म्हणू नये, हे सांगायचा सतीशला कंटाळा आला. तो गेला. का गेला हे त्यानं पौर्णिमालाही, म्हणजे आपल्या बायकोलाही, सांगितलं नाही. त्याला सुकाणूचा दांडा एकदा हातात धरायचा होता. शिडं भरलेली, हातात दांडा, आणि नावेत दुसरं कोणी नाही. बस, एवढंच.

पहिल्या दिवशी नावेच्या टोकावर नारळ फुटला, डोलकाठीला लिंबू-मिरची चढली, आणि इंद्रभान दांड्यापाशी जाऊन बसला. मालकाची जागा तीच, हे त्यानं कोणाला न विचारता ठरवलं असणार, असं सतीशला वाटलं. सतीश पुढं, दोऱ्यांपाशी.

"ब्रेक कुठी हाये?"

"ब्रेक नसते."

"मंग थांबाचं कसं?"

"वाऱ्याकडं तोंड करा. शिडं फडफडतीन, नाव थांबन."

"अन् वारा कुठून येऊन राह्यला ते कसं समजन?"

"गालाले समजते, भाऊ."

इंद्रभाननं गाल चोळून पाहिला. "मले त काई समजून नाई राह्यलं. सरकारी गालाले जास्त समजत असन."

काठावरची माणसं हसली. सतीश हसला नाही.

रोज तेच. इंद्रभान शिडाची दोरी जिवाच्या आकांतानं ओढून धरी. ओढून धरली की नाव जास्त पळते, अशी त्याची समजूत. सतीश म्हणे, ढिली सोडा, शीड फडफडायच्या बेताला आलं की थांबा, तिथं ते खरं काम करतं. इंद्रभान म्हणे, "ढिली सोडली त लोकाइले वाटन, मालकाले झेपून नाई राह्यलं." वारा पाठीमागून असताना नाव वळवली की शिडाखालची आडवी काठी, बूम, एका बाजूची दुसऱ्या बाजूला झपकन जाते. डोकं खाली ठेवा, असं सतीशनं कितीतरी वेळा सांगितलं. एक दिवस बूम गेली आणि इंद्रभानची टोपी धरणात गेली. डोकं जागेवर राहिलं. इंद्रभान म्हणाला, "पाहा, काई होत नाई." सतीशनं टोपी बुडताना शेवटपर्यंत पाहिली. त्या दिवसातली तेवढीच गोष्ट त्याला बरी वाटली.

दांडा मात्र हाती येईना. मागितला तर कदाचित मिळाला असता. पण ज्याला गालावरचा वारा कळत नाही, त्याच्यापुढं हात पसरायचा? सतीश दोऱ्या ओढत राहिला. नावही त्याला हलकी वाटू लागली आणि पाणीही. हे काय पाणी? डबकं. म्हशी धुवायची जागा.

मग एका संध्याकाळी काठावर चहा पिताना इंद्रभान म्हणाला, "आमच्या पोरीच्या, संस्कृतीच्या, होनाऱ्या सासरचे येऊन राह्यले. पुढच्या रविवारच्या पुढचा रविवार. अमरावतीचे लोक हायेत, मोठे. त्याइले नाव दाखवाची. मी डोलकाठीपाशी उभा राह्यतो अन् हात दाखवतो. चालवाचं तुमी पाहा."

"बरं," सतीश म्हणाला. अगदी कोरडं. पण परत येताना अनसिंगपर्यंतचा रस्ता कधी सरला ते त्याला समजलं नाही.

त्या रविवारसाठी नाव कुठं ठेवायची हे त्यानं स्वतः ठरवलं. धरणाच्या भिंतीजवळ पाणी खोल होतं, पण तिथं वारा सरळ अंगावर येई आणि लाटा नावेला रात्रंदिवस भिंतीकडे ढकलत. इंद्रभानच्या शेताखाली पाण्याचा एक आत घुसलेला कोपरा होता. तिन्ही बाजूंनी उंच काठ, तळाला चिकण गाळ. लंगर धरायला याहून चांगली जागा नसते. सतीशनं दोरीला दगड बांधून खोली मोजली. या नावेच्या पोटाखाली शिशाचं जड पातं होतं, कील. त्याच्यामुळेच नाव वाऱ्यात उलटत नाही. कीलच्या खाली हातभर पाणी उरत होतं. सतीशनं लंगर टाकला, खोलीच्या पाचपट दोरी सोडली, नाव मागं ओढून लंगर गाळात बसल्याची खात्री केली. सगळं पुस्तकात असतं तसं.

"एवढं उथळ चालते काय?" इंद्रभाननं विचारलं.

"समुद्र असता त नसतं चाललं. तिथं ओहोटीले नाव टेकते. हितं कायची ओहोटी? हे पानी जागचं हालत नाई."

"तुमी म्हनसान ते," इंद्रभान म्हणाला. तो घाईत होता. त्याला पाणी वापर संस्थेच्या बैठकीला जायचं होतं. तो तिचा अध्यक्ष होता, आणि रब्बीसाठी पाटाला पाणी कधी सोडायचं हे त्या दिवशी ठरायचं होतं.

पुढचे दिवस सतीश धरणावर गेलाच नाही. तिथं इंद्रभानचे पाहुणे नावेत बसून चिवडा खातात असं त्याच्या कानावर आलं होतं, आणि ते बघायची त्याची तयारी नव्हती. शिडं तो आधीच घरी घेऊन आला होता. एका शिडाची कड उसवली होती, ती जाड सुईनं शिवत बसला. शिवून झालं की जुनं पुस्तक उघडी. बंदरात नाव बांधताना उतरत्या पाण्यासाठी दोरी किती सोडावी, त्यावर एक अख्खं प्रकरण होतं. त्याला ते जवळजवळ पाठ होतं.

पौर्णिमा भाजी निवडत म्हणाली, "दादाच्या गव्हाले पानी भेटलं म्हने."

"बरं झालं."

"पाट भरून वाहून राह्यला. यंदा लय मोठं पानी सोडलं. मागच्या वर्षी शेवटच्या वावरापर्यंत पोचलंच नोतं."

"बरं झालं म्हनलं ना," सतीश म्हणाला आणि पान उलटलं. मेव्हण्याच्या गव्हाचं त्याला खरंच बरं वाटलं होतं.

रविवारी तो शिडं मोटरसायकलला बांधून सकाळीच धरणावर गेला. काठावर मंडप होता, खुर्च्या होत्या, स्वयंपाकाचा धूर होता. अमरावतीची मंडळी गाड्यांतून उतरत होती. नाव कुशीवर पडली होती. तिच्याखाली पाणी नव्हतंच, पाणी पार खाली सरकलं होतं, आणि मधे नुसता ओला काळा गाळ पसरला होता. कील अर्धी गाळात, अर्धी उघडी. डोलकाठी इंद्रभानच्या गव्हाकडे झुकली होती. लंगर तेवढा छान धरून बसला होता.

सतीश काठावरून खाली उतरला. पौर्णिमाचं बोलणं, पुस्तकाचं पान, दोरीला बांधलेला दगड, सगळं त्याच्या डोक्यात एकदम जागेवर बसलं. समुद्र उतरतो तसा चढतोही. हे पाणी उतरलं की उतरलं, पुढच्या आषाढापर्यंत.

इंद्रभान पांढऱ्या कपड्यांत गाळाच्या कडेशी आला. पाटाच्या पाण्यामागं धावताना तोही बरेच दिवस इकडं फिरकला नव्हता. "हे काय होय, फौजी?"

"पानी उतरलं."

"दिसून राह्यलं ते. काहून उतरलं?"

"पाटाले सोडलं."

इंद्रभान बोलायला गेला आणि थांबला. कोणी सोडलं, हे विचारण्यासारखं नव्हतं. ठराव त्याचा, सही त्याची. शेवटच्या वावरापर्यंत पोचावं म्हणून फोन करकरून पाणी वाढवून घेतलं होतं तेही त्यानंच. आपण सोडलेल्या पाण्यावर आपलीच नाव उभी आहे, हे त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं. त्याच्या मनात धरण एक होतं आणि नावेचं पाणी वेगळं होतं.

मागून संस्कृतीचे होणारे सासरे आले. त्यांनी नाव पाहिली, मग शेत पाहिलं. "पाटीलसाहेब, गहू मात्र फर्स्टक्लास हाय तुमचा."

मंडळी हसली. इंद्रभानचे कान लाल झाले. त्यानं आपल्या मेव्हण्याला हाक मारली. "मुन्ना, जेसीबी बोलाव आपला. साखळी लावा अन् घ्या वढून पान्यात."

"नाई जमत भाऊ," सतीश म्हणाला. "गाळानं कील धरून ठेवली. वढली त बोल्ट उपटतीन, बूड फाटन."

"फाटू द्या. माही नाव होय."

सतीशला कळलं की याला नाव हलवायची नाही, व्याह्यांसमोर हुकूम सोडायचा आहे. फाटू दे मग. अशाच्या हाती सडण्यापेक्षा फाटलेली बरी. तो वळला आणि मोटरसायकलकडे चालू लागला. रस्त्याच्या कामावरून जेसीबी निघाल्याचा आवाज आला. त्यानं एकदाच मागं पाहिलं. तिरप्या नावेत सुकाणूचा दांडा वर आला होता, उघडा, हवेत. त्याच्याकडे तर कोणाचं लक्षही नव्हतं.

सतीश परत आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलला. इतक्या माणसांपुढं तो गावात कधीच बोलला नव्हता.

"जेसीबी थांबवा. चूक माही होय. जागा मी पाह्यली, खोली मी मोजली. भाऊनं विचारलं होतं, मीच म्हनलं हितं पानी हालत नाई."

मग इंद्रभानच्या चेहऱ्यावर रंग परत आला. तो पाहुण्यांकडे वळला.

"ऐकलं काय? जलमभर पान्यात नौकरी केली अन् धरनाचं पानी उतरते हे मालूम नाई. माह्या घरच्या म्हशीले मालूम हाये."

या वेळी हसू मोठं होतं, आचारीही हसला. सतीश ऐकत उभा राहिला. बोलणं खरं होतं, आणि ते खरं असल्यामुळे त्याला इंद्रभानवर थुंकताही येईना. इतकी वर्षं जी नजर तो गावावर ठेवून होता, ती आज गावानं त्याच्यावर ठेवली होती, आणि नीट ठेवली होती.

जेसीबी परत गेला. मंडळी जेवायला मंडपात गेली. इंद्रभान मागं रेंगाळला.

"आता हिचं काय?"

"पावसापर्यंत हालवू नका. कुशीखाली पोती लावतो, म्हंजे घासनार नाई."

"लावा."

इंद्रभान निघाला.

"भाऊ," सतीश म्हणाला. "पानी आलं का मले एकडाव चालवाले देजा. एकट्याले."

इंद्रभान मागं वळला.

"एवढंच होतं? मंग काहून नाई म्हनलं? मले त तिच्यात बसलं का पोटात ढवयते. तुमी रोज तोंड वाकडं करून पुढं जाऊन बसत होते, मले वाटलं तुमाले त्या दांड्याची लाज वाटते. म्हनून मी बसत होतो."

तो धोतर सावरत मंडपाकडे गेला. सतीशनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला काठावर काढल्या आणि पोती उचलून गाळात उतरला.