पदव्यांसकट पत्ता

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कारखान्यात साहेबांना पाय सोडून सगळ्यातलं कळत असे. संगणकातलं तर विचारूच नका. फोल्डर म्हणजे फाइली ठेवायची जागा, हा बाकीच्यांचा अडाणीपणा. साहेबांच्या लेखी तो मानाचा प्रश्न होता. म्हणून सगळ्यात बाहेर साहेबांच्या नावाचं फोल्डर, सगळ्या पदव्यांसकट. त्यात उपसाहेबांचं, त्यात विभागाचं, आणि पार तळाशी कुठेतरी पेशंटचा पाय. कोरणाऱ्या यंत्राला पायाचं चित्र हवं असेल, तर एवढ्या सगळ्यांना नमस्कार घालत खाली उतरावं लागे. हा सबंध पत्ता प्रोग्राममध्ये जिथे जिथे फाइल लागेल तिथे तिथे पूर्ण लिहायचा, असा साहेबांचा नियम होता.

नवी प्रोग्रामर अजून कायम झाली नव्हती. बारीक आवाजामुळे तिला सगळे चिमणी म्हणत. तिने पत्त्याची सुरुवात वर एकदाच लिहिली आणि पुढचे तुकडे जोडायचं काम प्रोग्रामवर सोपवलं. साहेबांनी चष्मा पुसून पाहिलं.

"माझं नाव एकदाच?"

"कधी बदललं तर एकाच ठिकाणी बदलता येईल, साहेब."

"माझं नाव बदलणार आहे?"

"नाही, साहेब," म्हणून चिमणी खाली मान घालून कामाला लागली. घरी आई तिच्या एकटीच्या भरवशावर होती.

नाव बदललं नाही, वाढलं. कुठल्याशा संस्थेने साहेबांना 'आजीव सन्माननीय प्रमुख मार्गदर्शक' केलं. संध्याकाळी सत्कार होता. साहेबांनी सकाळी आल्या आल्या स्वतःच्या हाताने फोल्डरला नवी पदवी चिकटवली, आणि कारखान्यातला एकूण एक प्रोग्राम आडवा झाला. जुनं नाव शोधत होते बिचारे.

नेमके त्याच दिवशी साहेबांचे वडील पाय न्यायला आले होते. लेकाच्या सत्काराला आपल्या पायाने चालत जायचं, हा त्यांचा हट्ट. पाय तयार होता. मांडी बसते तो वरचा भाग तेवढा यंत्राने कोरायचा राहिला होता. म्हातारबुवा बाकावर बसून चिमणीकडे आशेने बघत होते.

चिमणीने तिची ती एक ओळ बदलली. यंत्राने कळवलं, पत्ता फार लांब आहे, एवढा मला वाचता येत नाही. उपाय एकच होता. पाय साहेबांच्या नावाखालून बाहेर काढायचे. तिने एकदा म्हाताऱ्याच्या दुमडून पिन लावलेल्या विजारीकडे पाहिलं, आणि अगदी बाहेर 'पाय' नावाचं साधं फोल्डर करून सगळ्या फाइली त्यात नेल्या. ओळ पुन्हा बदलली. यंत्र घरघरू लागलं.

आवाज ऐकून साहेब धावत आले. पडद्यावर वाकून पाहतात तर काय!

"माझं नाव कुठाय?"

वडील बाकावरून म्हणाले, "अरे, मला पाय लांब हवा होता. नाव नव्हे."

चारचौघांत बापावर ओरडता येत नाही. साहेब चिमणीवर ओरडले. "उद्यापासून यायचं नाही! हुकूम आत्ता काढतो!"

चिमणीने मुकाट्याने डबा, पाण्याची बाटली, आईचा फोटो पिशवीत भरला. डोळे भरून आले होते, पण यंत्र थांबेपर्यंत ती जागेवरून हलली नाही. दुपारनंतर म्हातारबुवा पाय लावून भिंतीला धरून चालले, मग भिंत सोडून चालले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले.

ती निघणार तोच साहेबांनी आत बोलावलं. हुकूम टाइप झाला होता. तो साहेबांच्या फोल्डरात जाणार, आणि त्या फाइलीच्या नावातही साहेबांचं पूर्ण नाव, पदव्यांसकट. संगणक ती ठेवून घ्यायला तयार नव्हता.

"हे काय म्हणतंय?" साहेबांनी दरडावून विचारलं.

चिमणीने वाचलं. "नाव फार लांब झालंय, साहेब. एखादी पदवी कमी केली तर बसेल."

साहेब पडद्यावरच्या पदव्या एकेक करून वाचत राहिले. बाहेर सत्काराची गाडी येऊन हॉर्न वाजवत होती.

"राहू दे," ते शेवटी म्हणाले. "उद्या वेळेवर ये."